गेरूच्या भिंतीवरचं दार

कुणाच्याही घरी गेले की मास्तर आधी भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी जायचे, चित्रातल्या चेहऱ्यावर पंजा ठेवायचे आणि घरातल्यांकडे वळून विचारायचे, "आता सांगा, कोण?"

घरातली माणसं गोंधळायची. आधी बसा म्हणावं की आधी उत्तर द्यावं? कुणी हातातल्या वस्तूवरून, कुणी पायाशी बसलेल्या जनावरावरून ओळखलं, तर मास्तर पंजा काढून खाटेवर टेकायचे. नाही ओळखलं, तर दोष घरातल्यांचा नव्हे, चित्रकाराचा. "याले चेहऱ्याशिवाय काही काढता येत नाही. खाली नाव लिहून दे म्हणा."

आमच्याकडे कॅलेंडर नव्हतं. त्यांनी माझ्या लग्नाच्या फोटोवर पंजा ठेवला आणि माझ्या बायकोला विचारलं, "वहिनी, आता सांगा, कोण?"

ती चहा गाळत होती. मान वर न करता म्हणाली, "पोटावरून तं आमचेच दिसून राह्यले."

"फोटोग्राफर चांगला होता," मास्तर म्हणाले.

बालाघाटच्या आमच्या शाळेत ते ड्रॉइंग शिकवायचे आणि मी इतिहास. म्हणजे शाळेला ज्या दोन विषयांवाचून काहीही अडत नाही, ते आमच्याकडे होते. त्यामुळे दोस्ती आपोआपच झाली. छप्पन साली राज्यांची फेरवाटणी झाली, विदर्भ तिकडे मुंबई राज्यात गेला आणि आम्ही इकडे मध्य प्रदेशात राहिलो. हळूहळू शाळा हिंदीत गेली. मी अकबराला मराठीत जन्माला घालायचो आणि हिंदीत मारायचो. पोरं हसायची. मास्तरांना असला त्रास नव्हता. फळ्यावर ते आंबा काढायचे आणि आंब्याला भाषा नसते.

त्याच सुमारास त्यांनी आणि त्यांच्या वॉर्डातल्या लोकांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. तोवर मास्तरांचा जोडधंदा देव काढण्याचा होता. दुकानाच्या पाट्यांवर, ट्रकच्या कपाळावर, दिवाळीनंतर मंडईची जत्रा भरायची तिथल्या नाटकाच्या पडद्यावर देव त्यांच्याच हातचे. दीक्षेनंतर त्यांनी हे काम एका दिवसात बंद केलं. मला हे कळायला वेळ लागला. शाळेच्या गणपतीच्या वेळी मागचा पडदा रंगवा, म्हणून मी त्यांच्यामागे लागलो.

"नाही जमत, गुरुजी," ते म्हणाले.

"काहून? मागच्या साली तं रंगवलता."

"मागच्या साली मी कोण होतो, तुमाले माहीत हाय. तुमच्या गावच्या विहिरीवर माह्या मायले घागर भरू देत होते का?"

माझं गाव लांजीकडचं. आमच्या घरामागचीच विहीर. मी दोन दिवस रुसलो, कारण खऱ्याचा राग लवकर येतो. तिसऱ्या दिवशी त्यांनीच खडूचं खोकं माझ्यापुढे सरकवलं आणि म्हणाले, "रुसून झालं असंल तं डबा खाऊ."

घरात ते आणि त्यांची माय, दोघंच. बायको पहिल्याच बाळंतपणात गेली होती, बाळही गेलं होतं. त्याबद्दल ते बोलत नसत. दाराला लागून भिंतीत एक कोनाडा होता. पूर्वी त्यात पितळेचे चार देव असायचे. दीक्षेनंतर मास्तरांनीच ते फडक्यात बांधले आणि वैनगंगेत सोडले. माय आड आली नाही. "बाबासाहेबानं आपल्याले माणसात बसवलं, देवानं नाही बसवलं," असं शेजारणींना ठणकावून सांगायची. पण सकाळी आंघोळ झाली की जुन्या सवयीनं त्या रिकाम्या कोनाड्यापुढे क्षणभर उभी राहायची. मग लाजल्यासारखी होऊन चुलीकडे वळायची.

मास्तरांनी हे पाहिलेलं होतं. "गुरुजी," एकदा ते म्हणाले, "घेतलं ते बरोबरच घेतलं. पण तिच्या डोळ्याले मी त्याच्या बदल्यात काही दिलं नाही अजून."

त्या डोळ्यांचंही आता फार उरलं नव्हतं. दोन्हीकडे मोतीबिंदू. डॉक्टर म्हणत, पिकू द्या. माय म्हणायची, "आंबा हाय का तो?"

अशात भरवेलीहून एक पुस्तक आलं. तिथल्या मॅंगनीजच्या खाणीत एक परदेशी इंजिनिअर होता. मास्तरांनी त्याच्याकडे धोक्याच्या पाट्या रंगवल्या होत्या. मायदेशी परत जाताना त्यानं मास्तरांना जाडजूड चित्रांचं पुस्तक दिलं. ते सायकलच्या कॅरिअरला दोरीनं बांधून मास्तर थेट माझ्याकडे आले.

"वाचा," म्हणाले.

मी उघडलं. अक्षरं इंग्रजी, पण शब्द एकही ओळखीचा नाही. आता मी शाळेत इंग्रजी येणारा माणूस म्हणून प्रसिद्ध होतो आणि ती प्रसिद्धी मीच केली होती. "जुनी इंग्रजी आहे, अवघड आहे," असं म्हणत मी तीन दिवस चष्मा पुसत राहिलो. चौथ्या दिवशी खाणीतल्या दवाखान्याचे डॉक्टर पुस्तक चाळून म्हणाले, "गुरुजी, ये तो जर्मन है. पुराने ग्रीक और रोमन लोगों की कथाएँ, उनके चित्र." मास्तरांनी माझ्याकडे पाहिलं. त्यानंतर कित्येक वर्षं काही कळेनासं झालं की ते "जुनी इंग्रजी दिसून राह्यली" असं म्हणायचे.

पण त्यामुळे एक बरं झालं. खालचा मजकूर आम्हा दोघांनाही वाचता येत नव्हता. राहिली नुसती चित्रं. दोन-अडीच हजार वर्षांपूर्वी कुठल्याशा कुंभारानं मडक्यावर काढलेली गोष्ट वैनगंगेच्या काठच्या दोन मास्तरांना नावागावाशिवाय कळते का, हा खेळ सुरू झाला. मधल्या सुट्टीत, ड्रॉइंगच्या खोलीत.

देवदेवता लवकर ओळखीच्या झाल्या. एक बाई नेहमी शिरस्त्राण घालून, कधी तिच्याजवळ घुबड. तिचं नाव आम्ही घुबडवाली ठेवलं. एक पहिलवान सिंहाचं कातडं डोक्यावरून पांघरलेला, हातात सोटा. तो सिंहवाला. एकाच्या जोड्यांना पंख, तो पंखवाला. दहा वेगवेगळ्या हातांनी काढलेला सिंहवाला प्रत्येक पानावर ओळखू यायचा. चेहरे निराळे, कातडं तेच. मास्तरांना फार आनंद झाला. "पाहा, त्यायलेही माहीत होतं! माणूस त्याच्या जिनसेवरून ओळखू येते."

एका पसरट पेल्यात एक राक्षस बसलेला होता. त्याच्या हातात कुणाचे तरी दोन तुटके पाय, समोरचा माणूस त्याला प्यायला देतोय आणि त्याच वेळी तो आणि त्याच्यामागचे साथीदार मिळून लांब दांडा त्याच्या डोळ्यात खुपसताहेत.

"हे चुकलं," मी इतिहासाच्या अधिकारानं म्हणालो. "आधी खाईल, मग पिईल, मग झोपल्यावर डोळा फोडतील. सगळं एकदम कसं?"

"तुमची माय गोष्ट सांगे तवा घड्याळ पाहून सांगे का?" मास्तर म्हणाले. "खाल्लं, प्याला, आंधळा झाला. कुंभाराजवळ जागाच तेवढी होती. त्यानं तिन्ही येळा एका जागी बसवल्या."

आणि मग ते चित्र आलं, ज्यावर आम्ही आठ दिवस अडलो. तांबड्या मडक्यावर काळ्या रंगात एकटाच माणूस, ओणवा बसलेला. एका बाजूला ढाल आणि शिरस्त्राण ठेवलेलं, दुसऱ्या बाजूला शिंदीसारखं झाड. तो जमिनीत काहीतरी रोवत होता, हातानं माती थोपटत होता.

"हे तर सोपं आहे," मी म्हणालो. "धानाची रोवणी."

हसू नका. आमच्याकडे पाऊस पडला की निम्मा जिल्हा भाताची रोपं लावत याच आसनात असतो. दुसरं काही सुचणंच शक्य नव्हतं. मी तर वर हेही सांगितलं की प्राचीन काळी सैनिक पावसाळ्यात शेती करत. इतिहासात असं वाक्य कुठेही खपतं.

मास्तरांना ते पटेना. "रोवणीले कोणी एकटं जाते का, गुरुजी? बाया कोठी हायत? गाणं कोठी हाय?" रोज ते पान उघडायचे. नवव्या दिवशी ते माझ्या वर्गाच्या दारात आले. मी पानिपतावर होतो. त्यांनी मला बाहेर बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं, "तलवार हाय ते. मूठ खाली, टोक वर. तो स्वतःच तिच्यावर पडाले रोवून राह्यला."

मी पान पाहिलं. खरंच तसं होतं. त्या माणसाच्या कपाळावर तीन बारीक आठ्या होत्या. त्या मी आठ दिवसांत पाहिल्याच नव्हत्या.

"रक्त नाही काढलं त्यानं," मास्तर म्हणाले. "पडलेला माणूस नाही काढला. माती थोपटून राह्यला, बस. पुढचं पायणाऱ्यानं करायचं."

त्या दिवसापासून ते बदलले. पुस्तकाच्या शेवटी रोमन भिंतींची चित्रं होती. एकात दोन पोरं खेळताहेत आणि बाजूला आई हातात तलवार धरून विचार करत उभी आहे. तिथे पोचले की ते दोन पानं एकदम उलटायचे. "हे समजलं मले," एवढंच म्हणायचे.

त्याच सुमारास वॉर्डात टिनाचं छप्पर घालून विहार उभा राहिला. आत बुद्धाची मूर्ती बसली. डावीकडची भिंत मास्तरांनी रंगवायची ठरली, वैशाखातल्या पौर्णिमेआधी. पंचांचे म्होरके होते मुकादमबाबा. भरवेलीच्या खाणीत जन्म घालवलेला उंच, खणखणीत माणूस. त्यांच्या मनात पिंपळाखाली बसलेला बुद्ध होता, डोक्यामागे पिवळं तेज, आजूबाजूला हरणं. मास्तरांनी मान हलवली. ती होकाराची होती असं सगळ्यांनी धरलं.

त्यांनी आत पडदा बांधला आणि कुणालाही पाहू दिलं नाही. मला मात्र कामाला लावलं. खाणीतला काळा दगड खलात कुटायचा, फडक्यातून गाळायचा, सरसाच्या पाण्यात कालवायचा. पंधरा दिवस माझी नखं काळी. वर्गात पोरं विचारायची, "सर, खदान में नौकरी लग गई क्या?"

भिंत त्यांनी पूर्ण गेरूनं सारवली. तिच्यावर काळ्या रंगात सपाट आकृत्या काढल्या. मग लोखंडी खिळा घेऊन काळ्या रंगात रेघा खरवडल्या, लुगड्याच्या चुण्या, बोटं, केस. खिळा गेला तिथून आतला गेरू वर यायचा. त्या मडक्यांवर तसंच होतं.

"रंग काहून नाही?" मी विचारलं.

"मायले रंग दिसत नाही आता. उजेडात काळं दिसते थोडं. आन खिळ्याची रेघ बोटाले लागते."

पौर्णिमेच्या आदल्या दिवशी पडदा काढला. मुकादमबाबा बराच वेळ पाहत राहिले.

भिंतीवर एक दार होतं. दाराबाहेर एक बाई, तिच्या खांद्यावर मूल, तिचा एक तळवा पुढे पसरलेला. दारात घरधनीण, तिची मूठ मिटलेली. बस. बाकी भिंत रिकामी, गेरूची.

"मास्तर," मुकादमबाबा म्हणाले, "विहाराच्या भिंतीवर बुद्धच नाही? आन ह्या काळ्या बाया कोणाच्या?"

"तथागतानंच पाठवलं तिले, बाबा. ते तिकडं बसेल हायत, मूर्तीत. वाट पाहून राह्यले."

"हे तुमाले माहीत. लोकायनं काय समजायचं? दारावर कोणी भीक मागाले आलं?"

मी मदतीला धावलो. "मुकादमबाबा, अडीच हजार वर्षांपूर्वी परदेशातले मोठमोठे कलावंत असंच काढायचे."

"तिथल्या लोकायनं तिथं पायलं, गुरुजी. इथं आमाले पायचं हाय." माझ्यापुरता वाद तिथेच संपला.

त्यांनी चुन्याची बादली आणवली. पौर्णिमेला गोंदियाहून भंतेजी येणार, तिरोडीहून पाहुणे येणार, अशी भिंत दाखवायची कशी? माणूस वाईट नव्हता. वॉर्डानं आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचं काहीतरी बांधलं होतं आणि त्यांना ते सुंदर दिसायला हवं होतं.

मास्तर बादलीपुढे उभे राहिले. "ज्याले अक्षर येत नाही, अशा एकाले इचारा. त्याले नाही समजलं तं मीच चुना मारतो."

मुकादमबाबा चिडून म्हणाले, "मंग तुह्या मायलेच इचार ना!"

बोलून गेल्यावर त्यांना स्वतःलाच वाईट वाटलं. सगळ्यांना माहीत होतं की मायला दिसत नाही. पण ती बाहेर अंगण झाडतच होती आणि तिनं ऐकलं होतं. झाडणी भिंतीला टेकवून ती आत आली.

"कोठी हाय?" तिनं विचारलं. मी पुढे होऊन सांगणार होतो. मास्तरांनी माझा हात इतका जोरात दाबला की मी सांगायचं विसरलो.

माय भिंतीपासून वीतभर अंतरावर उभी राहिली. डोकं जरा तिरकं करून. मग बोटं टेकवली.

"बाई हाय. पोर घेऊन हाय." बोट पोराच्या दंडावरून खाली आलं. "हात लोंबून राह्यला याचा. निजलेल्या पोराचा असा नाही लोंबत." ती थांबली. "हे तं मोहरीवाली हाय. भंतेजीनं सांगितलती. पोर मेलं तिचं. बुद्ध म्हणे, ज्या घरी कोणी मेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण, मंग पोराले उठवतो."

ती सरकत सरकत दाराशी आली. "मोहरी आणली हिनं. मूठ भरेल हाय. पण..." तिची बोटं त्या मुठीवरून पुन्हा पुन्हा फिरली. "उघडून नाही राह्यली. आता सांगन ते तिले."

मग हात चौकटीच्या पलीकडे गेला. तिथे मास्तरांनी एक लहानसा चौकोन काढला होता. मला ती उरलेली जागा भरून काढल्यासारखी वाटली होती. मायचं बोट त्या चौकोनाच्या चारही कडांवरून फिरलं, आत गेलं. आत काही नव्हतं.

"हा तं आपला कोनाडा हाय," ती म्हणाली. आणि मग एकदम लहान आवाजात, "हे आपलं दार हाय रे."

"हौ, माय," मास्तर म्हणाले.

"मंग दारात मी हाय?"

"हौ."

ती तिथेच हात ठेवून उभी राहिली. कोनाड्यापुढे लाजून वळायची तशी वळली नाही. मास्तर भिंतीकडे पाहत नव्हते, फक्त तिच्याकडे पाहत होते.

मुकादमबाबांचा एक मुलगा खाणीत दरड कोसळून गेला होता, हे मला मागाहून कळलं. त्यांनी बादली उचलली आणि पोरांना म्हणाले, "उभे काय राह्यले? बाकीच्या तीन भिंतीले मारा चुना."

यानंतरची चार-पाच वर्षं मास्तर मजेत होते. मायच्या एका डोळ्याचा मोतीबिंदू निघाला. दिसू लागल्यावर तिनं भिंत पाहून मत दिलं की आपण एवढ्या जाड नाही. मग एका हिवाळ्यात मास्तरांना कावीळ झाली आणि आठ दिवसांत सगळं संपलं. मी तेव्हा लांजीकडे गावी होतो, धानाच्या कापणीला. निरोप पोचला तो पाचव्या दिवशी.

बसमध्ये मी मायशी काय बोलायचं ते जुळवत आलो. मला बोलता येतं असा माझा समज आहे आणि बऱ्याच लोकांना माझ्यामुळे तो सहन करावा लागतो. आत्मा बित्मा तिच्यापुढे चालणार नव्हता. मी दुसरी वाक्यं शोधली. चांगली होती. घरी गेलो तर कडी लावलेली. शेजारीण म्हणाली, विहारात पाहा.

दुपारची वेळ होती. तिरोडीकडच्या तीन-चार बाया कुणाकडे तरी पाहुण्या आल्या होत्या आणि विहार पाहायला थांबल्या होत्या. माय त्यांना भिंतीवरची गोष्ट सांगत होती. नेहमीसारखीच, सावकाश, बोट फिरवत. पोराचा लोंबता हात, बाईचा तळवा, दार. मी दारातच चप्पल हातात घेऊन थांबलो.

त्यातली एक तरुण बाई फार रंगून गेली होती. "आजी, लय खरं काढलं वो. कोणं काढलं?"

"माह्या पोरानं."

"इथंच राह्यते का? बलवा ना त्यायले, आमच्याही विहारात काढून घेऊ. कोठी हाय तो?"

मायनं त्या बाईचं मनगट धरलं, तिला भिंतीजवळ ओढलं आणि तिची बोटं घरधनिणीच्या मिटल्या मुठीवर ठेवली.

"हे काहून मूठ उघडून नाही राह्यली, पाय," ती म्हणाली.

बाईनं पाहिलं. आधी चित्राकडे, मग मायकडे. तिच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू उतरलं. तिनं बोटं काढून घेतली नाहीत.

मी जुळवून आणलेलं एकही वाक्य बोललो नाही. चप्पल बाहेर ठेवली आणि आत जाऊन त्या बायांच्या मागे बसलो.